ओढून बघितलंय का?

डॉक्टर निजसुरे माणसाला आधी पाठीमागून बघायचे. पेशंट दारातून आत आला, की "या, नमस्कार" म्हणून ते त्याला लगेच बाहेर पाठवायचे. "आता पॅसेजच्या त्या टोकापर्यंत चालत जा. माझ्याकडे बघायचं नाही." नवखा पेशंट गोंधळून जायचा. आपण दुखणं सांगायला आलो आणि हा गृहस्थ तर आपल्याला वाटेला लावतोय, असं त्याला वाटायचं. सर मात्र हात मागे बांधून, मान किंचित वाकडी करून त्याच्या पाठमोऱ्या चालीकडे बघत उभे. "तोंडानं माणूस काय वाट्टेल ते सांगतो हो, चाल खोटं बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर दुसरा हुकूम सुटायचा, "एका पायावर उभे राहा."

हे मात्र ते पेशंटला एकट्याला करायला लावत नसत. समोर स्वतःही एक पाय गुडघ्यात दुमडून उभे राहायचे. सहा फुटी देह, पांढरा हाफ शर्ट, पांढरी पँट, लांब नाक. साठीची बाई आणि हा लांबोडा डॉक्टर एकमेकांसमोर एका पायावर उभे, हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना आणि मी फाइलमध्ये तोंड खुपसलं. आख्खी डोंबिवली त्यांना मागे 'बगळे डॉक्टर' म्हणायची. त्यांनाही ते ठाऊक होतं. एकदा ते पत्ता सांगत असताना एका रिक्षावाल्याने त्यांच्याच तोंडावर "बगळ्याच्या दवाखान्याजवळ ना?" असं विचारलं, तर हे म्हणाले, "हो, मीच तो."

मी भूलतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकात लुनाला औषधांची पेटी बांधून ठाणे, कल्याण, डोंबिवली असं फिरायचे. जिथे ऑपरेशन असेल तिथे हजर. आमच्या धंद्यात सर्जनची खरी ओळख होते, कारण पेशंट झोपलेला असतो आणि सर्जनला वाटतं आता कोणी बघत नाही. शिव्या देणारे, नर्सवर कात्र्या फेकणारे, टाके घालताना नाट्यगीतं गाणारे, असे सगळे नमुने मी पाहिले. निजसुरे सर ऑपरेशन करताना फक्त स्वतःशी भांडायचे. "काय रे प्रभाकर, एवढं दिसत नाही का तुला?" असं ते स्वतःला विचारायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, प्रभाकर हा वॉर्डबॉय असणार.

आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी सतत. "ओढून बघितलंय का?"

गाठ मारली की ओढून बघायची, हे सर्जनला कोणी शिकवावं लागत नाही. पण सर सगळंच ओढून बघायचे. बाजारात पिशवी घेतली, की दुकानदारासमोर दोन्ही बंद धरून झटका द्यायचे. शर्टाची बटणं ओढायचे, खुर्चीचे हात ओढायचे. माझ्या लुनावर पेटी बांधलेली असायची, तिची दोरी रोज ओढून बघायचे आणि रोज नाखूश होऊन पुन्हा बांधून द्यायचे. त्यांच्या मुलीला बघायला मुलगा आला, तेव्हा नलिनीताई, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांना आधीच बजावून बसल्या होत्या, "हे बघा, जावयाचा हात हातात घेतलात तर नुसता मिळवा. ओढू नका."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरांच्या डोक्यात खुब्याचं वेड शिरलं. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला मांडीच्या हाडाचा उंचवटा असतो, कुशीवर झोपलं की गादीला टेकतो तो. कुल्ल्याचा स्नायू तिथे एका जाड पट्टीनं हाडाला धरून असतो. एका पायावर उभं राहताना कंबर सावरायची ती त्याच्या जोरावर. उतारवयात काही जणांची, त्यातून बायकांची, ही पट्टी जुन्या साडीसारखी विरते आणि हाडापासून सुटते. मग चालताना अंग त्या बाजूला झुकतं, कुशीवर झोप लागत नाही, जिना नकोसा होतो. त्या काळी अशा बायकांना 'वात आहे', 'सायटिका आहे', नाहीतर 'वय झालं आता' असं सांगून शेकायला पाठवत. सर म्हणायचे, "शेकून काय होणार? सुटलंय ते. शिवायला नको?"

पण हाडाला शिवायचं कसं? जुनी रीत म्हणजे मांडीला वीतभर चिरा, हाडाला आरपार भोकं आणि त्यातून ओवलेला दोरा. त्याच सुमारास परदेशी अँकर येऊ लागले होते. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा धातूचा तुकडा, पोटातून दोरा ओवलेला. तो हाडात रोवायचा आणि बाहेर राहिलेल्या दोऱ्यानं पट्टी शिवून टाकायची. गुडघ्यासाठी वापरतात ती दुर्बीण आत घालून बघत बघत केलं, तर दोन बोटभर चिरे पुरतात. कंपन्या हे अँकर खांद्यासाठी विकत होत्या, सरांना ते खुब्यासाठी हवे होते. दोन जाती होत्या. एक स्क्रूसारखा, पिळून बसवायचा. दुसरा काटेवाला, ठोकून आत घातला की छत्रीच्या काड्यांसारखे बारीक काटे उघडायचे आणि तो आतून धरून बसायचा. यातला कोणता जास्त धरतो, हा सरांचा प्रश्न.

कंपनीचा टायवाला माणूस गुळगुळीत कागदावरचे आलेख घेऊन आला.

"सर, आमचा काटेवाला बेस्ट आहे. अमेरिकेत टेस्टेड."

"ओढून बघितलंय का?"

"हो सर, अमेरिकेत…"

"अमेरिकेत नाही हो. तुम्ही. तुम्ही स्वतः ओढून बघितलाय का?"

त्या माणसाला सर थिएटरमागच्या गॅलरीत घेऊन गेले. तिथे सुताराच्या शिकंज्यात बोकडाच्या मांडीचं हाड आवळलेलं. हाडात अँकर, अँकरच्या दोऱ्याला प्लॅस्टिकची बादली. सरांनी त्याच्या हातात तांब्या दिला. तांब्यातांब्याने बादलीत पाणी ओतायचं, आणि आधी दोरा तुटतो की अँकर उपसून येतो ते बघायचं. तो बिचारा ओतत राहिला. शेवटी दोरा तुटला आणि भरली बादली त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडली. अँकर मात्र हाडात जागच्या जागी. सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याला स्वतःचे मोजे देऊ केले. पुढे तो मुदत उलटलेले नमुने आपण होऊन आणून द्यायचा, आणि येताना चपला घालून यायचा.

हाडं पश्चिमेच्या मासळी बाजाराला लागून असलेल्या मटणवाल्याकडून यायची. सरांच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि सर स्वतः जाऊन हाडं निवडून आणायचे. आणलेली हाडं ठेवायची कुठे, तर घरच्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीखाली. एका वर्षी गणपतीत नलिनीताईंनी मोदकांसाठी ओलं खोबरं काढायला हात घातला आणि हाताला वेगळंच काही लागलं. त्यांचा आवाज पलीकडच्या इमारतीत ऐकू गेला म्हणतात. "मखरात गणपती आणि फ्रीजमध्ये बोकड! अहो, तुम्हाला काही जनाची नाही तर मनाची?" दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात एक जुना फ्रीज येऊन दाखल झाला.

हिराबाई सरांना भेटली ती याच हाडांपायी. कोपरच्या खाडीकडच्या कोळीवाड्यातली ही साठीची बाई. मासळी बाजारातला तिचा ओटा सासूकडून तिच्याकडे आलेला. सर हाडांची पिशवी घेऊन निघाले होते आणि पुढे डोक्यावर टोपली घेऊन हिराबाई चालत होती. तिची चाल बघून सर घराची वाट सोडून तिच्या मागे लागले. पुढची हकीगत मी दोघांकडूनही ऐकली आहे. सर सांगायचे की बाईंनी चांगलं सहकार्य केलं. हिराबाईचं सांगणं जरा वेगळं होतं.

"ए बाबा, बायकांच्या मागं मागं कं फिरतंस? तुना लाज नाय?"

"बाई, तुम्ही उजवीकडे झुकता."

"डोक्यावर टोपली हाय. झुकनार नाय तं काय नाचनार?"

"टोपली खाली ठेवा आणि एका पायावर उभ्या राहा. हे बघा, असं."

आणि भर बाजारात, हातात बोकडाच्या हाडांची पिशवी घेऊन, सर एका पायावर उभे राहिले. कोळणी हातातलं काम टाकून जमल्या. हिराबाईला हसू फुटलं. हसत हसत ती डाव्या पायावर उभी राहिली, व्यवस्थित राहिली. उजव्या पायावर गेली मात्र, थेट सरांच्या अंगावर कोसळली. मग हसू संपलं. रात्र रात्र त्या कुशीवर झोपता येत नाही, ओट्यावर चढताना सुनेला हाक मारावी लागते, घरचे आता ओटा जावेला देऊन टाक म्हणताहेत, हे सगळं तिनं तिथेच, रस्त्यात सांगितलं. "ओटा गेला तं मी काय करू? घरात बसून भिंती बगू?"

बादलीच्या परीक्षेत तोवर काटेवाला पहिला आला होता. बोकडाच्या हाडातून तो उपसून म्हणून येईना. सरांनी हिराबाईच्या खुब्यात काटेवालाच बसवला. चिरे अगदी लहान घेतले, वेळ मात्र इतका लावला की मी दोनदा घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. दीड महिना कुबड्या, मग काठी, मग काठीही सुटली. हिराबाई सरळ चालायला लागली. पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन ती वळली, तेव्हा सर टाळ्या वाजवायचे तेवढे राहिले.

आणि एक दिवस घरात उंबरा ओलांडताना खुब्यात कट्‌कन वाजलं. हिराबाई पुन्हा झुकली.

एक्सरे आला. सरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. अँकर हाडातून निघून बाजूला, मांसात पडलेला दिसत होता. हिराबाईच्या मुलानं सांगितलं, की आठवड्यापूर्वी आईनं टोपली उचलली होती. सगळी नाही, अर्धीच, पण उचलली. झालं. सगळ्यांना कारण सापडलं. सिस्टर म्हणाल्या, "सांगितलं होतं ना, ओझं उचलायचं नाही म्हणून." मुलगा आईवर ओरडला. सून म्हणाली, आता बस घरात. आणि हिराबाईसुद्धा मान खाली घालून म्हणाली, "माजीच चुकी, डाक्टर. माजा हात राहिला नाय."

दुसरा कोणी असता तर तिथेच फाइल बंद झाली असती. पेशंटने ऐकलं नाही, विषय संपला. सरांनी मात्र जाताना मला विचारलं, "ओझं उचललं म्हणून सुटला, की सुटणारच होता?" मी म्हटलं, "सर, आता ते कळणार कसं?" त्यांना ते उत्तर अजिबात आवडलं नाही.

त्यानंतर गॅलरीतली बादली बरेच दिवस उपडी होती. सर चिडचिडे झाले होते. माझ्या पेटीची दोरीही ओढेनात.

मग पडून खुबा मोडलेल्या एका आजी आल्या. त्यांच्या मांडीच्या हाडाचा मोडका गोळा काढून तिथे धातूचा बसवायचा होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सरांनी आजींना विचारलं, तुमच्या जुन्या हाडाचं मला काम आहे, मी ते ठेवून घेऊ का? आजी म्हणाल्या, "घ्या की. मला काय, त्याचं लोणचं घालायचंय?" ऑपरेशन झालं, आजींना मी जागं केलं आणि हात पुसत गॅलरीत गेले, तर शिकंज्यात तो गोळा आणि हातात तांब्या घेऊन सर. काटेवाला अँकर. बादली निम्मीही भरली नव्हती, आणि तो सुळकन बाहेर आला. काट्यांना हाडाचा भुगा चिकटलेला, चहात बुडवलेल्या टोस्टसारखा. मग त्यांनी रुंद आट्यांचा स्क्रूवाला पिळून बसवला. तो टिकला. बादली भरत आली तरी टिकला.

सर स्टुलावर बसले.

"बोकड कोवळा असतो हो," ते म्हणाले. "मटणवाला म्हातारा बोकड कशाला विकेल? मी मारे ओढून बघत होतो, आणि ओढत होतो ती तरणी हाडं. काय रे प्रभाकर, एवढं दिसलं नाही का तुला?"

मी त्यांना समजावायला तोंड उघडलं, पण ते उठून उभे राहिले होते. "उद्या दुपारी मोकळ्या आहात? हिराबाईंकडे जायचंय. पुन्हा ऑपरेशन करायचं तर भूल तुम्हालाच द्यावी लागेल, तेव्हा तुम्हीही चला."

तिच्या दारात सुकटीचा वास भरून राहिला होता. सर एरवी त्या वासानं नाकाला रुमाल लावायचे, पण त्या दिवशी लावला नाही. हिराबाई भिंतीला टेकून बसली होती, मुलगा आणि सून जाळं विणत होती. जाऊही होती. ओटा आता तीच सांभाळत होती. सरांनी पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्याच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"हिराबाई, तुमची चूक नाही. टोपली उचलली नसती तरी तो सुटलाच असता. मी तरण्या बोकडाच्या हाडावर बघितलं आणि तुमच्या हाडात बसवला. चूक माझी आहे. यांना कोणाला तुम्हाला बोलायचा अधिकार नाही."

सुनेनं हातातली सुई खाली ठेवली. मला तोवर असा डॉक्टर भेटला नव्हता, आणि खरं सांगते, नंतरही भेटला नाही. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला आणि तितकीच भीतीही वाटली, की आता हा मुलगा काय करतो. मुलगा उठून उभा राहिलाही होता. पण हिराबाईनंच हात वर करून त्याला बसवलं.

ती सरांना पहिल्यापासून अरेतुरे करायची. म्हणाली, "मंग आता कोनाच्या हाडावर बगलास?"

"एका आजींच्या. तुमच्यापेक्षा मोठ्या आहेत. त्यांना विचारून."

"ती चालतंय काय?"

"चालतात. त्यांना नवीन खुबा बसवलाय."

"आनि आता टाकशील तो धरल?"

सरांनी खोटा धीर दिला नाही. "त्या हाडात धरला. तुमच्यात धरेल असं वाटतं. दोन बसवीन, आणि थोडे खाली, हाड घट्ट असतं तिथे. शब्द देत नाही."

हिराबाई जावेकडे वळून म्हणाली, "ओटा नीट धुवून ठेवतंस ना गो? मना परत लागनार हाय."

दुसऱ्या ऑपरेशनला मी समोर धरायच्या आधी सरांनी स्वतःच दोनदा घड्याळ बघितलं. स्वतःशी एक शब्दही भांडले नाहीत, त्यामुळे थिएटरमध्ये सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. टाके झाल्यावर दोन्ही दोरे त्यांनी ओढून बघितले. मग पुन्हा ओढून बघितले. सिस्टर म्हणाल्या, "सर, आता तुटेल हं."

या वेळी कुबड्या जास्त दिवस ठेवल्या. नंतरही सर तिला उजव्या पायावर उभं राहू देईनात. प्रत्येक खेपेला म्हणायचे, "पुढच्या वेळी बघू." शेवटी हिराबाईच कंटाळली. पॅसेजमध्ये तिनं काठी भिंतीला लावली आणि म्हणाली, "उबा राहा मंग समोर. किती दिस भितंस?" सर समोर गेले, एक पाय दुमडला, दोन्ही हात पुढे धरले. तिनं डावा पाय उचलला. ओपीडीतले पेशंट, सिस्टर, केसपेपर लिहिणारी मुलगी, सगळ्यांच्या नजरा तिच्या कमरेवर. कंबर ढळली नाही. सर पाय खाली टेकायचं विसरले, शेवटी हिराबाईनंच त्यांना "टेक आता" म्हणून सांगितलं.

ती ओट्यावर परत बसली. टोपली आता मुलगा उचलायचा, एवढीच तडजोड. आणि मग सुरू झाली पापलेटं. महिन्या-दोन महिन्यांनी केळीच्या पानात गुंडाळून ती दवाखान्यात पापलेटं आणून द्यायची, खास डॉक्टरसाठी. ती खाणारं घर माझं. आमच्याकडे निजसुरे सरांविषयी भक्तिभाव होता, तो निव्वळ त्यांच्या शस्त्रक्रियेमुळे होता असं मी म्हणणार नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा सरांचा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, ते आम्ही सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी नाही केलं. एका सकाळी शिकंज्याजवळ उभे राहून त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, ओढून बघितली, आणि ती सुटली. त्या दिवसापासून त्यांनी चाकू हातात धरला नाही. पुढे पायही ओढायला लागले. मुलगी नाशिकला होती, तिच्याकडे जायचं ठरलं. दवाखाना एका तरुण डॉक्टरनं घेतला. त्यानं पहिल्याच आठवड्यात तो फ्रीज भंगारात काढला.

निघायच्या दिवशी दुपारी दवाखान्यात पेढे होते. भाषणं सरांनी होऊ दिली नाहीत. पॅसेजच्या तोंडाशी, त्यांच्या नेहमीच्या जागी, त्यांना खुर्ची दिली होती. लोक पाया पडून जात होते. नलिनीताई खाली रिक्षात सामान ठेवून घेत होत्या. तेवढ्यात बाजार आटपून हिराबाई आली. पाया पडली नाही. सरांसमोर उभी राहिली, लुगडं जरा वर खोचलं आणि उजव्या पायावर उभी राहिली.

सर खुर्चीचे हात धरून उठले. मी पुढे झाले, तर त्यांनी मला मानेनंच नको म्हटलं. त्यांनी एक पाय उचलला, जेमतेम उचलला, आणि त्यांचा तोल गेला. हिराबाईनं त्यांना खांद्याखाली धरलं.

"सोडा हिराबाई. माझं वजन तुम्हाला झेपायचं नाही. तुमचा खुबा…"

"टेक माज्यावर," ती म्हणाली. "तूच वढून बगलास ना?"

सर टेकले. आधी थोडे, मग सगळं वजन टाकून टेकले. तशीच ती त्यांना पॅसेजमधून घेऊन निघाली, खाली रिक्षा उभी होती तिकडे. मी त्यांच्या जागेवर उभी राहून पाठीमागून बघत होते. सर प्रत्येक पावलाला एका बाजूला झुकत होते. हिराबाई सरळ चालत होती.